मुद्दल ओलीचे, व्याज शेवाळाचे

सदर : घर-अंगण

श्रावणातील सकाळ असते. रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच थांबलेला असतो आणि अंगण धुतल्यासारखे स्वच्छ दिसत असते. मंदिरातील पूजेची वेळ होत आलेली असते. घरातील आजी अक्षतांची डबी हातात घेऊन अनवाणी पायांनी पायरी उतरतात. फाटकापर्यंतची वाट पंधरा-वीस पावलांची, अनेक वर्षांच्या सरावाची. पारिजातकाच्या सावलीतील तीन-चार फरशांवर मात्र एक हिरवट तकाकी चढलेली असते. टाच टेकते, पुढे सरकते, आणि आधारासाठी हात पुढे होईपर्यंत डबीतील तांदूळ फरशीभर विखुरलेले असतात.

कोल्हापूर, सांगली वा पुण्यातील बंगल्याचे अंगण असो, अथवा कोकणातील जांभ्या दगडाची पाखाडी असो, पावसाळ्याच्या चार महिन्यांत असा प्रसंग कोणत्या ना कोणत्या घरी घडतोच. मुका मार लागून निभावले तर त्या घरी दोन दिवस हळहळ होते आणि विषय मागे पडतो. निभावले नाही, तर मात्र घराचे सारे वेळापत्रकच बदलते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, स्त्रियांची विशेषतः. खुब्याचे हाड मोडल्यास बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि त्यानंतरचे अंथरूण कित्येकदा मूळ दुखापतीहून जड जाते. दीर्घकाळ पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, मनाचा धीर खचतो. पुढे हिंडू-फिरू लागल्यावरही अशी व्यक्ती एकटीने अंगणात उतरण्यास धजत नाही. मंदिर, शेजार आणि मोकळी हवा या तिन्ही गोष्टी तिला दुरावतात, आणि हे सारे घडते चार फरशांवरील एका पातळ थरामुळे.

प्रसंग घडल्यानंतर घरातील तरुण मंडळी तडफेने कामाला लागतात. बाजारातून ॲसिडची बाटली येते, फरशी फसफसते, हिरवा रंग निघून जातो आणि सर्वांना समाधान वाटते. काही आठवड्यांनी तोच रंग अधिक दाट होऊन परततो. पुन्हा बाटली येते. एखाद्या कर्जदाराने दरमहा केवळ व्याज भरत राहावे आणि मुद्दलाला हातही लावू नये, तसा हा व्यवहार आहे. अंगणातील शेवाळ हे व्याज होय. मुद्दल आहे ती ओल. ओल जोवर फिटत नाही, तोवर शेवाळाची आकारणी थांबत नाही.

शेवाळ म्हणजे नेमके काय

बोलीभाषेत सरसकट ज्याला शेवाळ म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात अनेक प्रकारचे जीव असतात. पातळ हिरवा थर हा हरित शैवालांचा असतो. काळपट किंवा निळसर, हाताला बुळबुळीत लागणारा थर बहुधा नील-हरित सूक्ष्मजीवांचा असतो. मखमलीच्या गादीसारखी मऊ वाढ म्हणजे हरिता, जिला इंग्रजी नावाने मॉस म्हणतात. तिला इवलीशी पाने असतात. दगडावर घट्ट चिकटलेले करडे-पांढरट ठिपके हे लायकेन होत. शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून ते तयार होते. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही लायकेनच आहे.

पाय घसरतो तो मुख्यतः यांतील पहिल्या दोन प्रकारांमुळे. उन्हात वाळून जाऊ नये यासाठी या पेशी स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. ते आवरण पाणी धरून ठेवते. पायाचा भार पडला की तळपाय आणि दगड यांच्यामध्ये हा थर वंगणाचे काम करतो. पाऊस थांबून दोन तास झाले, बाजूची फरशी वाळली, तरी शेवाळाची फरशी निसरडीच राहते, याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात हा नील-हरित थर वाळून काळ्या डागासारखा किंवा पापुद्र्यासारखा दिसतो. तो नष्ट झाला, असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक त्यातील बराच भाग सुप्तावस्थेत असतो आणि वळवाच्या पहिल्या सरीने काही तासांतच फुगून पुन्हा जागा होतो. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत अंगणात दिसणारे काळे डाग म्हणजे येत्या पावसाळ्याचा नकाशाच होय. तो वेळीच वाचला, तर पुढील पुष्कळसे काम सोपे होते.

या जीवांना चार गोष्टी लागतात : ओल, थोडासा उजेड, बसण्यास सच्छिद्र वा खडबडीत जागा आणि किंचित पोषण. कुजलेली पाने, पक्ष्यांची विष्ठा, कुंड्यांतून झिरपणारे खताचे पाणी आणि धुण्याभांड्यांचे सांडपाणी यांतून पोषण मिळते. उजेड बंद करता येत नाही. दगडही दरवर्षी बदलता येत नाही. राहता राहिली ओल आणि घाण. या दोन गोष्टी मात्र पुष्कळ अंशी घरमालकाच्या हातात असतात.

ॲसिडाचा तोटा

महाराष्ट्रातील बहुसंख्य अंगणांत शहाबादी, कोटा किंवा तांदूर फरशी असते. शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील गाव, कोटा राजस्थानात, तर तांदूर तेलंगणात. गावे तीन असली तरी तिन्ही फरश्या चुनखडीच्याच आहेत. चुनखडीवर ॲसिड पडले की जो फेस येतो, तो शेवाळाचा नसून विरघळणाऱ्या दगडाचा असतो. वरचा गुळगुळीत थर खाल्ला जातो, बारीक खड्डे पडतात, सांध्यांतील सिमेंटही झिजते. त्या खड्ड्यांत पाणी अधिक काळ टिकते आणि पुढच्या वर्षी शेवाळाला बसायला आयतीच जागा मिळते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर थकलेले व्याज मुद्दलात मिळवून कर्ज वाढवण्याचाच हा प्रकार आहे. व्हिनेगर आणि लिंबाचा रस हीही आम्लेच. त्यांची धार कमी, एवढाच फरक. सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकचीही ॲसिडाने हीच गत होते.

इतर प्रचलित उपायांची परीक्षाही करून पाहावी. तारेच्या ब्रशाने घासल्यास दगडावर ओरखडे उमटतात आणि तारेचे तुटलेले कण गंजून तांबडे डाग पडतात. पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र शेवाळ झटक्यात काढते, पण त्याबरोबर सांध्यांतील वाळूही उडवते. ती पुन्हा भरली नाही तर फरशा हलू लागतात. मीठ टाकल्यास ते मातीत उतरून झाडांची मुळे दुखावते आणि लोखंडी फाटकाचे पायही गंजवते. मोरचूद शेवाळ मारते, परंतु त्यातील तांबे जमिनीत साठत राहते आणि पाण्यात गेल्यास माशांना घातक ठरते.

ब्लीचिंग पावडरीबाबत अधिक सावधगिरी हवी. तिने शेवाळ मरते, हे खरे. परंतु ॲसिड किंवा ॲसिडयुक्त शौचालय-द्रव आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर शत्रूवर सोडण्यात आलेला विषारी वायू तो हाच. अनेक घरांत या दोन्ही वस्तू एकाच फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. ॲसिडाने काम झाले नाही म्हणून त्याच ओल्या फरशीवर ब्लीचिंग टाकण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. तो कटाक्षाने टाळावा. फरशीवरून वाहणारे ब्लीचिंगचे पाणी मातीत शिरते, तेव्हा तेथील गांडुळे आणि इतर जीवही त्यात सापडतात, हेही विसरू नये.

अहिंसेच्या दृष्टीने

जैन घरात हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा राहत नाही. शास्त्रांत शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात केली आहे. एका शरीरात अनंत जीवांचा वास, म्हणून ते अनंतकाय. चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे ही ईर्यासमिती पाळणारे साधू-साध्वी हिरव्या, ओल्या भूमीवरून चालत नाहीत. चातुर्मासात एकाच स्थानी राहण्यामागेही पावसाळ्यातील जीवोत्पत्तीचाच विचार आहे. तेव्हा ज्या अंगणात शेवाळ माजते, तेथे घरातील वृद्धांचा मार्ग धोक्याचा होतो आणि त्यागी जनांचा मार्ग तर बंदच होतो.

गृहस्थाकडून घडणाऱ्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. झाडलोट, स्वयंपाक आदी घरकामांत होणारी हिंसा ती आरंभी. ती सर्वस्वी टळत नाही. मात्र यत्नाचाराने तिचे प्रमाण कमी करता येते. आधी अंगण ओले राहू द्यावे, तेथे अनंत जीवांची उत्पत्ती होऊ द्यावी आणि मग त्यांवर ॲसिड ओतावे, यात यत्नाचार कोठेच नाही. उत्पत्तीच होऊ नये अशी व्यवस्था करणे हा खरा मार्ग. गवंड्याचे शास्त्रही नेमके हेच सांगते : पाणी साचू देऊ नका. धर्म आणि बांधकाम यांचे उत्तर येथे एकच आहे.

मे महिन्यातील कामे

महाराष्ट्रात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दाखल होतो. त्यामुळे पुढील कामे मे महिन्यातच उरकणे श्रेयस्कर.

पहिले काम निरीक्षणाचे. काळ्या डागांभोवती खडूने रेघ ओढावी आणि प्रत्येक डागाजवळ उभे राहून वर पाहावे. बहुतेक वेळा कारण डोक्यावरच सापडते : गच्चीवरील टाकीचा वाहता पाइप, वातानुकूलन यंत्राची ठिबकणारी नळी, फुटलेली पन्हळ किंवा दाट फांदी. वर काही न आढळल्यास आसपास शोधावे. गळका नळ, कुंडीखालील पाण्याने भरलेली ताटली, धुण्याच्या दगडावरून वाहून येणारे पाणी, यांपैकी काहीतरी निश्चित मिळते. नळाचा वायसर बदलणे किंवा पाइपाला दोन हात लांबीचा तुकडा जोडून पाणी शोषखड्ड्याकडे नेणे, एवढ्याने अनेक डागांचे मूळ तुटते.

दुसरे काम उताराचे. अंगणातील फरशीला दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार असावा, म्हणजे तीन मीटरच्या वाटेला तीन ते साडेचार सेंटीमीटर. हा उतार घराकडून बाहेर, गटाराच्या किंवा मातीच्या दिशेने हवा. पावसाची सर थांबल्यावर तासाभराने ज्या फरशीवर पाणी साचलेले दिसते, ती खचलेली आहे असे समजावे. गवंड्याकडून ती उचलून, खाली भर घालून, पाणसळ लावून पुन्हा बसवून घ्यावी. अशा चार-सहा फरशांसाठी संपूर्ण अंगण उखडण्याची आवश्यकता नसते.

तिसरे काम सांध्यांचे. दोन फरशांमधील दर्जांत माती साचली की ती स्पंजासारखी पाणी धरते आणि हरिता प्रथम तेथेच रुजते. सुकलेली माती खरवडून काढावी आणि सिमेंट-वाळूने दर्जा भरून घ्याव्यात. पेव्हर ब्लॉक असल्यास कोरडी बारीक वाळू भरावी.

चौथे काम वाळलेल्या थराचे. पंधरा-वीस दिवस कडक ऊन खाल्लेला काळा पापुद्रा खराट्याने बऱ्याच प्रमाणात सुटून येतो. पाणी, रसायन काहीही लागत नाही. नाकातोंडावर रुमाल बांधावा. निघालेला भुगा गटारात न लोटता, पायाखाली येणार नाही अशा एकांत जागी, झाडाच्या सावलीत ठेवावा. त्यागी जनांच्या उत्सर्ग समितीचा आदर्श गृहस्थानेही येथे यथाशक्ती पाळावा.

पाचवे काम ऊन-वाऱ्याला वाट देण्याचे. कुंड्या फरशीवर न टेकवता तिवईवर ठेवल्या की खालून वारा खेळतो. झाडांना पाणी सायंकाळी घालण्याऐवजी सकाळी घालावे, म्हणजे सांडलेले पाणी दिवसभरात वाळते. पाने रोज झाडावीत. दाट झाडाची छाटणी करण्यापूर्वी, चालण्याची वाटच दोन फूट सरकवून उन्हात आणता येईल का, हे अवश्य पाहावे. कित्येकदा तेवढे पुरते, आणि झाडही वाचते.

सच्छिद्र दगडाला पाणी रोखणारे लेप बाजारात मिळतात. त्यांतील दगडात मुरणारा आणि आतील बाष्प बाहेर जाऊ देणारा लेप निवडावा. वर चकचकीत थर बसवणारा लेप ओला झाला की स्वतःच निसरडा होतो. काही ठिकाणी दगडाची छिद्रे बुजावीत म्हणून फरशीला तैलरंग लावण्याची पद्धत आहे. तो लावायचा असल्यास ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरावी, अन्यथा एक निसरड घालवून दुसरी आणल्यासारखे होते. पायऱ्यांच्या बाजूला पकडण्यासाठी एक दांडी बसवणे हा खर्च मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. जांभ्या दगडाच्या पायऱ्या पाणी शोषून घेतात आणि दिवसेंदिवस वाळत नाहीत. तेथे तर दांडीला पर्यायच नाही.

पावसाळ्यात शेवाळ आलेच तर

इतके करूनही आषाढ-श्रावणातील झडीत एखाद्या कोपऱ्यात हिरवा रंग दिसू लागतो. अशा वेळी उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

सर्वप्रथम वाट बदलावी. दुसऱ्या दाराने किंवा अंगणाच्या दुसऱ्या कडेने जाणे शक्य असेल, तर शेवाळाच्या जागेपुढे दोरी बांधून ती वाट बंद करावी. पाऊस ओसरल्यावर थर आपोआप वाळतो. याहून कमी हिंसेचा आणि कमी खर्चाचा मार्ग नाही.

दुसरा मार्ग, तेथे पाणी येण्याचे थांबवणे. वरून पन्हळीची धार पडत असेल, तर पत्र्याचा एखादा तुकडा लावून ती वळवावी.

येण्याजाण्याची वाट ती एकच असेल, तर दोन-अडीच फूट रुंदीचा पट्टा तेवढा स्वच्छ करावा. सारे अंगण खरवडण्याचा अट्टहास नको. नायलॉनचा ताठ ब्रश किंवा खराटा, थोडी बारीक वाळू आणि मोजके पाणी एवढ्यावर नवा, पातळ थर निघतो. थर कोवळा असतानाच हे काम करावे. महिनाभर दुर्लक्षिलेल्या थराला दुप्पट श्रम लागतात आणि जीवहानीही तितकीच वाढते. घासण्यात हिंसा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच थरावरून दिवसातून दहा वेळा माणसे चालत राहिली तर तीही हिंसाच आहे, आणि त्यात एखाद्याचे हाड मोडण्याची भीती अधिकची. साफ केलेल्या पट्ट्यावर जाडसर वाळू पसरून ठेवल्यास पाय टिकतो.

काथ्याची किंवा तागाची पायपुसणी मात्र निसरड्या जागी अंथरू नयेत. ती पाणी धरून ठेवतात, खालचे शेवाळ वाढवतात आणि पायाखालून सरकतातही. अंथरायचेच असेल तर जाळीदार रबरी पट्टी घ्यावी आणि उघडीप मिळताच उचलून वाळवावी. झिजलेल्या तळाच्या रबरी चपला पावसाळ्यापूर्वीच टाकून द्याव्यात. ओल्या फरशीवर त्या अनवाणी पायांपेक्षाही कमी भरवशाच्या असतात.

हिशेबाचा शेवट

या साऱ्या कामांची बेरीज केली तर ती गवंड्याची एक-दोन दिवसांची मजुरी, नळाचा एक वायसर, पाइपाचा तुकडा, दोन घमेली वाळू आणि लोखंडाची एक दांडी, यांच्या फारशी पुढे जात नाही. दुसऱ्या बाजूला रुग्णालयाचे देयक आहे, आणि ज्याचे देयक कधीच येत नाही असे बरेच काही आहे. खातेवहीत दोन्ही रकाने समोरासमोर मांडल्यावर निर्णयासाठी फार विचार करावा लागू नये.

एक गोष्ट मात्र पैशाने होत नाही. कोणत्या फरशीवर पाय सरतो, हे घरातील वृद्धांना सर्वांत आधी कळलेले असते. ते सांगत नाहीत. सांगितले तर बाहेर जाण्यावर बंधन येईल, या भीतीने ते गुपचूप त्या फरशीला वळसा घालतात, आणि एके दिवशी घाईत वळसा चुकतो. म्हणून मे महिन्यातील एखाद्या सायंकाळी, ऊन उतरल्यावर, मुलाने किंवा सुनेने आजींना बरोबर घेऊन फाटकापर्यंत सावकाश जावे. जेथे त्यांचे पाऊल थबकेल, तेथे खडूने रेघ ओढावी. गवंड्याचे काम त्या रेघेपासून सुरू व्हावे.